जेसीबीवरून भंगार यार्डातल्या पंज्यावर आलोय. लटकता पंजा शांत कसा करायचा?

बाभूळबन | १९ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी इथले शेतीचे आणि गाड्यांचे धागे वाचून गुपचूप निघून जातो. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सात वर्षं जेसीबी चालवली. शेततळी, विहिरींचा गाळ, पाइपलाइनचे चर, समृद्धीच्या कामावर मुरूम, सगळं झालं. पोरगी शाळेत जायला लागली, गावोगाव फिरणं नको झालं, म्हणून जालन्यात एका फर्नेसवाल्यांच्या भंगार यार्डात लागलो. जालन्याची सळई सगळ्यांना ठाऊक आहे. ती सळई होण्याआधीचा जो ढीग असतो, तो आता माझ्या गळ्यात पडलाय.

मशीन टायरवालं, तीस टनाच्या आसपासचं, चार जॅकवर उभं राहतं. केबिन हायड्रॉलिकवर वर जाते, बसल्या जागी माणूस दुमजली घराच्या गच्चीवर. पुढे बकेट नाही, पाच बोटांचा पंजा आहे. सगळी गोची तिथेच आहे. जेसीबीची बकेट आर्मला, म्हणजे पुढच्या दांड्याला, घट्ट जोडलेली, लिव्हर सोडला की जागेवर थांबते. हा पंजा आर्मच्या टोकाला लोंबतो. मी थांबलो तरी तो थांबत नाही. देवळातली घंटा वाजवून माणूस पुढे गेला तरी ती हलतच राहते, तसं.

तिसऱ्या दिवशी ट्रक भरताना पंजा असाच पुढे गेला आणि फाळक्याला धडकला. फाळका आत वाकला. ड्रायव्हर चहा टाकून पळत आला आणि माझ्या सात वर्षांच्या अनुभवाबद्दल त्याने जे शब्द वापरले ते इथे लिहिता येणार नाहीत.

आमचे उस्ताद गोरखपूरकडचे आहेत, वीस वर्षं हेच काम करतात. बोलतात कमी. मला एवढंच म्हणतात, "माल को सोने दे, फिर छोड." म्हणजे पंजा झोपला की मगच उघड. पण झोपवायचा कसा? ते करून दाखवतात ते इतक्या सफाईने की हाताने काय केलं तेच कळत नाही. शिवाय हात उलटे पडतात. माझ्या जेसीबीत बूम, म्हणजे मशीनकडचा मोठा दांडा, डाव्या हाताला होता. इथे डाव्या हाताला घुमवणं आणि आर्म, उजव्याला बूम आणि पंज्याची उघडझाप, आणि पंजा गोल फिरवायला अंगठ्याखाली चक्री. घाई झाली की जुना हात जागा होतो.

कोणी हे काम केलंय का इथे?

---

कोकणी_वडा | १९ जून, रात्री १०:०५

काम केलं नाही, पण आमचे चिरंजीव (वय ४) जेसीबीचे व्हिडिओ बघितल्याशिवाय जेवत नाहीत. तुमच्या पंज्याचा एखादा व्हिडिओ टाका, वरणभात सुखाने पोटात जाईल.

---

गणिताचा_मास्तर | १९ जून, रात्री १०:५०

यंत्रातलं मला काही कळत नाही, लंबक मात्र तीस वर्षं शिकवला. टांगलेल्या वस्तूचा झोका किती वेळाचा हे तिच्या वजनावर नसतं, लांबीवर असतं. टांगलेल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत दीड मीटर धरलं तर एक पूर्ण झोका, म्हणजे जाऊन परत येणं, साधारण अडीच सेकंदांचं. पंजा रिकामा असो वा भरलेला, फार फरक पडणार नाही. तेव्हा एकदा घड्याळ लावून तुमच्या पंज्याचे दहा झोके मोजा आणि दहाने भागा.

आता गंमत. थांबताना वेग एकसारखा कमी करत आणला आणि त्या कमी करण्याला बरोबर एका झोक्याएवढा वेळ दिला, तर शेवटी झोका जवळजवळ उरतच नाही. एकदम थांबलात तर सगळा झोका पदरात पडतो. कागदावर हे चोख सिद्ध होतं. यार्डात होतं का ते तुम्ही सांगा.

---

तात्या_फोरमन | २० जून, सकाळी ६:१५

मास्तर, होतं. आम्हाला सूत्र माहीत नव्हतं एवढंच. मी तळोज्याला ३१ वर्षं काढली, त्यातली पहिली नऊ ईओटी क्रेनच्या, म्हणजे शेडमध्ये डोक्यावरच्या रुळांवर फिरणाऱ्या क्रेनच्या केबिनमध्ये, खाली मॅग्नेट.

बाभूळबन, झोका मारायला जाऊ नकोस, झोक्याच्या मागे जा. नवीन माणूस काय करतो? पंजा डावीकडे गेला की घाबरून मशीन उजवीकडे ओढतो. झोका दुप्पट. तू उलट कर. मशीन थांबलं, पंजा पुढे निघाला, की आर्मचं टोक हलकेच त्याच्याच दिशेने सरकव. पंजा पार टोकाला जाऊन परत फिरायच्या बेतात असतो, तिथे क्षणभर तो थबकतो. त्या क्षणाला टोक बरोबर त्याच्या डोक्यावर पाहिजे. आलं की हात सोड. पंजा उभा झोपलेला दिसेल. तुझे उस्ताद हेच करतात. ते सरकवणं वीतभरच असतं म्हणून तुला दिसत नाही.

म्हणजे ट्रकच्या बरोबर वर थांबायचं नाहीच. वीतभर अलीकडे थांबायचं, राहिलेली वीत झोका पकडण्यात जाते.

आडवा झोका घुमवण्याने पकड, पुढचा-मागचा आर्मने. पुढचा-मागचा जास्त वाईट, तो केबिनकडे येतो. काचेपुढे जाळी आहे ना? नसेल तर मालकाच्या मागे लाग. फाळका वाकला तर शिव्या पडतात, काच फुटली तर तोंडाला टाके पडतात.

सरावासाठी रिकामं टायर घे आणि दोनशे लिटरच्या ड्रमवर नेऊन ठेव. ड्रम हलता कामा नये. जेवणाच्या सुट्टीत, यार्ड मोकळं असताना कर.

---

हायड्रोवाला | २० जून, दुपारी १:३०

मी सर्व्हिसला आहे, अशी मशीनं रोज बघतो. जेसीबीवरून येणाऱ्यांची एक खोड आधीच सांगून ठेवतो. बकेटने माती सारायची सवय असते, त्यामुळे ढीग सारखा करायला हे लोक पंजा खाली टेकवतात आणि मशीन घुमवून झाडू मारल्यासारखं भंगार ढकलतात. असा आडवा जोर घ्यायला हे मशीन केलेलंच नाही. घुमवायचा गिअर, बूमच्या पिना, पंज्याचा रोटेटर, सगळ्यांवर येतं. वर्षभरात मशीन खडखड वाजायला लागतं आणि बिल आलं की मालक ऑपरेटरकडे बघतो. ढीग सारखा करायचा तर उचला आणि ठेवा.

हात उलटे पडतात त्याबद्दल: काही मशीनमध्ये दोन्ही पद्धती बदलून घ्यायची सोय असते. पण उस्ताद त्याच मशीनवर असतील तर त्याला हात लावू नका. एकाने बदललं आणि दुसरा न बघता बसला की काय होतं ते मी पाहिलंय. मशीनवर चढल्यावर इंजिन मंद ठेवून चारही हालचाली एकदा सावकाश करून बघा, रोज. आठवडाभरात मेंदूला समजतं की ही जेसीबी नव्हे.

आणि केबिनमध्ये वजनाचा तक्ता चिकटवलेला असेल तो वाचा. जवळ सहा टन उचलणारं मशीन पूर्ण लांब केलं की निम्मंही उचलत नाही. त्यातून पंज्याचं स्वतःचं टनभर वजन वजा जातं, हे लोक विसरतात. जॅक खाली न घेता फक्त टायरवर काम करायचं असेल तर तक्त्यातली दुसरी रांग बघायची, ती फार कमी आकड्यांची असते.

---

स्वप्नील_पी | २० जून, दुपारी २:१०

एवढं सगळं करण्यापेक्षा सिम्युलेटरवर का शिकत नाहीत लोक? परदेशात आधी सिम्युलेटर, मग मशीन. आपल्याकडे थेट ट्रकवर प्रयोग.

---

तात्या_फोरमन | २० जून, दुपारी ४:४५

स्वप्नील, चांगलीच गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. हाताला दिशा कळायला उपयोग होतो. पण सिम्युलेटरमधलं भंगार एकमेकांत अडकत नाही. खऱ्या ढिगात तुम्ही एक पत्रा उचलता, त्याच्यात सळईचं भेंडोळं अडकलेलं असतं, त्याला खाट लोंबत असते, आणि ती खाट मध्येच सुटते. ते वजन सुटल्यावर बूम जो वर उडी घेतो तो पोटात जाणवतो.

---

बाभूळबन | २३ जून, रात्री ९:२०

तात्या, मास्तर, दोघांना साष्टांग नमस्कार.

दहा झोके मोजले. सव्वीस सेकंद. मास्तरांचा हिशेब जवळपास बरोबर. उस्तादांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले गिनती से नहीं होता. मग थोड्या वेळाने स्वतःच विचारलं, कितना आया?

टायरचा सराव चालू आहे. पहिल्या दिवशी ड्रम अकरा वेळा पाडला. खालची पोरं पैज लावायला लागली. काल सहा वेळा पाडला. झोक्याच्या मागे जायचं हे डोक्याला पटलंय, पण हात अजून उलटा ओढतो. शंभरात तीसेक वेळा बरोबर जमतं, आणि जमतं तेव्हा काय वाटतं सांगू, तान्हं पोर खांद्यावर झोपल्यासारखं. हलायचीसुद्धा भीती वाटते.

पत्र्याला लोंबलेली खाट आमच्याकडेही निघाली. फक्त ती खाट नव्हती, लग्नाच्या मांडवाची कमान होती.

आता दुसरी अडचण. सुपरवायझर म्हणतात, "नुसतं उचलू नकोस, काय उचलतोयस ते बघ." मी बघतो, मला सगळं लोखंडच दिसतं. नेमकं काय बघायचं?

---

तिसरी_पिढी_भंगार | २३ जून, रात्री ११:००

हा प्रश्न माझ्यासाठी. आमचे आजोबा सायकलवर भंगार गोळा करायचे.

तुमच्याकडे न्हावा शेव्याहून कंटेनर येत असतील त्यात बहुतेक एचएमएस, म्हणजे वितळवायचा जाड माल असतो, एक आणि दोन नंबर मिसळून. एक नंबर म्हणजे पाव इंच आणि त्यावर जाडीचा माल, दोन नंबर एक अष्टमांश इंचापासून. तुकडा साठ इंच बाय चोवीस इंचाच्या आत असावा असा करार असतो. जास्त लांब निघाला तर गॅस कटरवाल्यांकडे टाकायचा. हे झालं भावाचं, चुकलं तर पैसे जातात.

जीव जातो तो बंद वस्तूंमुळे. दोन्ही तोंडं बंद असलेली कुठलीही गोष्ट: गॅस सिलिंडर, फ्रिजचा कॉम्प्रेसर, गाडीचे शॉकअप, आग विझवायचे लाल नळकांडे, दोन्हीकडे वेल्डिंग मारलेला पाइप. आत हवा, तेल किंवा पाणी असतं. इंडक्शन फर्नेसच्या वितळलेल्या लोखंडात ते गेलं की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड फवाऱ्यासारखं बाहेर येतं. वर उभ्या माणसाला पळायला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात तर साधी वाटीच्या आकाराची वस्तूही पाणी धरून ठेवते.

२००४ मध्ये दिल्लीजवळ साहिबाबादला एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातून जिवंत तोफगोळे आले होते, स्फोटात माणसं गेली. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेलं एक जुनं यंत्र आलं, आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० होतं. तोडणाऱ्यांना माहीतच नव्हतं. एक जण दगावला, बाकीच्यांना किरणोत्सर्गाने भाजलं. तेव्हा शिशाचं जड डबडं, पिवळ्या पाटीवर तीन पात्यांचा पंखा असलेलं चिन्ह, असं काही दिसलं की पंजा लावायचाच नाही. हात तर नाहीच. माणसं बाजूला करा आणि साहेबांना बोलवा.

बॅटऱ्यांचंही बघा. ई-स्कूटरची लिथियम बॅटरी पंज्याच्या बोटाने भोसकली गेली की तिथेच पेटते. आणि तेलकट टर्निंगचा, म्हणजे लेथवरच्या चुऱ्याचा, ढीग आतून आपोआप तापतो. पावसानंतर त्यातून वाफ निघताना दिसली तर ती नुसती वाफ समजू नका.

---

तात्या_फोरमन | २४ जून, सकाळी ६:३०

वरच्याला माझी पुस्ती. बघता यावं म्हणून ढीग नेहमी वरून काढायचा. खालून ओढलास तर चटकन भरतो खरा, पण वर कपार तयार होते आणि ती कधी कोसळेल सांगता येत नाही. आणि पंजा काठोकाठ भरू नकोस. पाऊणच भर, म्हणजे बोटांच्या फटीतून आतलं दिसतं. फर्नेसच्या बाजूला टाकण्याआधी मोकळ्या जागी एकदा पसरून टाक, मग परत उचल. वेळ जातो, सुपरवायझर ओरडतो. ओरडू दे.

आमच्या वेळी फॅक्टरी ॲक्टाच्या कलम २९ खाली उचलणाऱ्या यंत्रांची बारा महिन्यांतून एकदा जाणत्या माणसाकडून कसून तपासणी व्हायची, त्याचा कागद असायचा. तुझ्या मशीनचा तसा कागद आहे का, सहज विचार. भांडायला नको, सहज.

---

रुग्णसेविका | २४ जून, दुपारी ३:२०

मी अपघात विभागात काम करते, म्हणून एकच सांगते आणि जाते. मशीनच्या होजला, म्हणजे हायड्रॉलिक तेलाच्या नळीला, बारीक भोक पडून तेल फवारत असेल तर ते कुठून येतंय हे बोटाने चाचपू नका. त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, हातमोजा असला तरी. बाहेरून सुई टोचल्याएवढं दिसतं, सुरुवातीला दुखतही नाही. माणूस पट्टी बांधून घरी जातो. काही तासांत हात सुजतो, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात काढावा लागतो. असं झालं तर लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि "हायड्रॉलिक ऑइल दाबाने आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नुसतं "लागलं" म्हणू नका.

---

हायड्रोवाला | २४ जून, दुपारी ४:००

ताई, शंभर टक्के. अशा मशीनमध्ये दाब साडेतीनशे बारपर्यंत जातो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरायचा, लांबून. होजला हात लावायचा तो इंजिन बंद करून दाब उतरवल्यावरच.

---

वायरमन_निवृत्त | २४ जून, रात्री ८:१५

यार्डावरून ११ केव्हीची लाइन जाते का ते बघितलंत का? उंच केबिनमध्ये बसलेल्या माणसाला समोरचा ढीग दिसतो, डोक्यावरची तार दिसत नाही. बूम तारेला लागलाच तर केबिनमध्येच बसून राहायचं, खालच्यांना ओरडून लांब ठेवायचं. मशीन पेटलं तरच उतरायचं, आणि उतरायचं म्हणजे दोन्ही पाय जुळवून उडी मारायची आणि पाय जुळलेले ठेवूनच टुणटुण लांब जायचं. एक पाय इथे आणि एक तिथे पडला की दोन पावलांमधल्या फरकाने शॉक बसतो.

---

कोकणी_वडा | २४ जून, रात्री ८:४०

मी गमतीत आलो होतो या धाग्यावर. आता चिरंजीवांना सांगणार आहे की डॉक्टर हो.

---

स्ट्राउबिंगचा_पाहुणा | २५ जून, रात्री १:१०

जर्मनीतून. कामानिमित्त बव्हेरियात स्ट्राउबिंगला असतो, तिथे सेनेबोगनचा कारखाना आहे, अशी हिरवी मशीनं तिथे बनतात. इथल्या यार्डांत काही मशीनं डिझेलवर नाहीत, विजेच्या केबलवर चालतात. एक जागा ठरलेली असेल तर आवाज कमी, धूर नाही. मोठ्या मशीनमध्ये तर बूम खाली येताना जो जोर वाया जातो तो नायट्रोजनच्या सिलिंडरमध्ये साठवून पुढच्या वेळी बूम उचलायला वापरतात. बाकी झोका इथेही झोकाच. इथला एक ऑपरेटर म्हातारा आहे, तो पंज्याच्या एका बोटाने बिअरच्या बाटलीचं झाकण उडवून दाखवतो.

---

बाभूळबन | २५ जून, रात्री ९:५०

बिअरचं उस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, पीते नहीं. विषय संपला.

तात्या, तपासणीचा कागद सहज विचारला. आहे. ऑफिसातल्या बाईंनी काढून दाखवला. लाइनही बघितली. गेटाजवळून जाते, आमच्या जागेपासून लांब आहे, पण ट्रक तिथे लावायला सांगितला तर नाही म्हणायचं हे ठरवलंय.

---

बाभूळबन | २७ जुलै, रात्री १०:३०

महिन्याने येतोय. उस्ताद बहिणीच्या घरच्या कार्याला गावी गेले, दहा दिवस मशीन माझ्या एकट्याकडे.

ड्रम आता पडत नाही. परवा खालच्या पोरांनी टायरवर चहाचा रिकामा ग्लास ठेवला आणि म्हणाले, आता ठेवून दाखव. टायर बसलं, ग्लास पडला. पण टायर बसलं.

एक सांगायचंच होतं. मागच्या गुरुवारी पाऊस होऊन गेला होता, माल चकचकत होता. पाऊण पंजा उचलला, मोकळ्यावर पसरला. पत्र्याखाली हातभर लांबीचा पाइप, चार इंची असेल. मला आता सवय लागलीय, डोळा आधी तोंडाकडे जातो. एक तोंड चेपून बंद झालेलं, दुसऱ्याला टोपण आणि वर वेल्डिंग. उचलून बाजूला ठेवला, हॉर्न दिला. कटरवाल्या मामांनी तो आडोशाला नेऊन आधी सावकाश ड्रिलने भोक पाडलं, गॅस लावला नाही. भोक पडलं तसं पाणी निघालं. काळं, कुजका वास येणारं, दोन-तीन तांबे भरतील एवढं. फर्नेसवर आमच्या गल्लीतला एक पोरगा आहे. तो तिथेच उभा राहून ते पाणी वाहताना बघत होता. काही बोलला नाही. संध्याकाळी गेटावर माझ्यासाठी वडापाव घेऊन थांबला होता.

पुढच्या आठवड्यात पंजा काढून मॅग्नेट लावणार आहेत, जमिनीवरचा बारीक माल वेचायला. तात्या, तुमचा विषय. काय सांभाळू?

---

तात्या_फोरमन | २८ जुलै, सकाळी ६:१०

शाब्बास रे.

मॅग्नेटचं. पंजा माल धरून ठेवतो, मॅग्नेटचा करंट बंद पडला की हातातलं सगळं खाली. म्हणून त्याच्या वाटेत खाली माणूस नको, ट्रकची केबिन तर अजिबात नको. दुपारनंतर उचल कमी झाली तर मशीनला शिव्या घालू नकोस. कॉइल तापली की करंट कमी घेते, उचल उतरते, तेव्हा मध्ये मध्ये त्याला विश्रांती दे. काही स्टेनलेस चिकटत नाही, मँगनीज स्टीलही नाही, त्यामुळे मागे जे उरतं ते कचरा समजू नका, वेगळं काढा, भाव चांगला येतो. सोडताना चुरा चिकटून राहतो, त्यासाठी उलटा करंट द्यायचं बटण असतं. नुसतं टिचकीभर दाब, धरून बसलास तर माल परत चिकटतो. हृदयाला पेसमेकर बसवलेला कोणी असेल तर त्याला यार्डाच्या त्या बाजूला फिरकू देऊ नकोस.

आणि मनगटावर काट्यांचं घड्याळ असेल तर घरी ठेवून जा.

---

बाभूळबन | २८ जुलै, दुपारी १:०५

सासऱ्यांनी लग्नात दिलेलं आहे. उशीर झाला तात्या, काल ट्रायल घेतली. वीस मिनिटं पुढे चालतंय.